क्लाउनची जोडी परत परत भांडते? आधी दोघांची लांबी मोजा

राजारामपुरीतल्या माझ्या मित्राचा परवा रात्री साडेदहाला फोन, "भावा, परत चालू झालंय बघ, मोठा बारक्याला टाकीत थाराच देत नाय, काय करू, एकाला देऊन टाकू का कुणाला तरी?" त्याचं हे तिसऱ्यांदा. आणि असे फोन मला वर्षातनं चार-पाच येतात, गोष्ट जवळजवळ सगळ्यांची तीच, खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी दुकानातनं दोन निमो, म्हणजे क्लाउन मासे आणले, चार दिवस एकमेकांच्या मागं मागं फिरले, घरातली पोरं खूष, आणि मग एक दिवस सकाळी बघतोय तर एकाच्या शेपटीच्या चिंध्या आणि तो वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागं जाऊन उभा. मग कोण सांगतं पाणी बदल, कोण सांगतं अजून एक सोड म्हणजे मार वाटला जाईल, कोण सांगतं अ‍ॅनिमोन (क्लाउन ज्यात राहतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आण, ते सगळं करून झालं की महिन्याभरात परत पहिले पाढे. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. माझ्या स्वतःच्या टाकीत हे तीनदा झालंय, त्यात दोन मासे गेले, ते मला अजून लागतं.

तर पहिली गोष्ट, भांडण दिसलं की लगेच जाळी घेऊन टाकीत हात घालू नका. खुर्ची घ्या, टाकीपासनं चार-पाच फूट लांब बसा आणि वीस मिनिटं नुसतं बघा. जवळ गेलात तर ते तुमच्याकडंच येतात, खायला मिळंल म्हणून, आणि खरं काय चाललंय ते दिसतच नाही.

बघायचं मोठ्याकडं नाही, बारक्याकडं. मोठा पाठलाग करणारच, बारका त्यावर काय करतो ह्यात सगळं आहे. मोठा अंगावर आला की बारका जागच्या जागी आडवा-तिरपा होतो का आणि अंग थरथर थरथर हलवतो का? पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं ह्याला झटका आलाय, आजारी पडलाय, माझ्या बायकोनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती ओरडत आली होती की अहो ह्याला काहीतरी झालंय. काही झालेलं नसतं. ती त्याची मान तुकवायची पद्धत आहे, "तू मोठी, मी बारका, मला मारू नको" एवढंच तो सांगतोय. मोठी (जोडीतला मोठा मासा म्हणजे मादी) ते बघते, एखादी ढुशी देते, आणि निघून जाते. असं असंल तर तुमच्या टाकीत भांडण नाही, तिथं नातं जुळतंय, आणि त्यात हात घातला तर तुम्हीच ते मोडाल. दिवसातनं दहा वेळा झालं तरी चालतंय, पहिले दोन-तीन आठवडे तर होणारच.

घाबरायचं कधी? बारका थरथरतोय तरी मोठी थांबत नाही, मागं लागून लागून चावतेच. किंवा दोघंही थरथरत नाहीत, दोघंही समोरासमोर, आणि एकमेकांची तोंडं धरून गोल गोल फिरतात. हे तोंड धरणं लय वाईट, त्यात जबडा दुखावतो आणि मग तो मासा खाऊच शकत नाही. किंवा एक जण पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात अडकून राहतो, खायला टाकलं तरी खाली येत नाही, श्वास भराभर चालू, पंखांच्या कडा रोज थोड्या थोड्या कमी होत चालल्यात. ह्यातलं काहीही दिसलं तर वीस मिनिटं सुद्धा थांबू नका, पुढं लिहिलंय तसं वेगळं करा.

आता हे का होतंय ते समजून घेतल्याशिवाय उपाय कळणार नाही, म्हणून थोडं सांगतो.

क्लाउनमध्ये जन्मतः मादी कुणीच नसते. सगळी पिल्लं आधी नराच्याच वाटेनं जातात, आणि गटात जो सगळ्यात वरचढ ठरतो तो मादी होतो. दुसऱ्या नंबरचा तिचा नर. बाकीचे असतील ते बिनलग्नाचे, रांगेत उभे. मादी मेली की दुसऱ्या नंबरचा नर हळूहळू मादी होतो आणि तिसरा त्याच्या जागी सरकतो. उलटं कधीच होत नाही, एकदा मादी झाली ती परत नर होत नाही, हे वाक्य लक्षात ठेवा, निम्मी भांडणं ह्या एका गोष्टीमुळं आहेत. १९७७ मध्ये हान्स आणि सिमोन फ्रिके ह्यांनी नेचर ह्या विज्ञान नियतकालिकात हेच मांडलं होतं, की वरचा मासा खालच्याला दाबून ठेवतो म्हणूनच खालचा नर राहतो. म्हणजे तो पाठलाग, त्या ढुश्या, ही नुसती दादागिरी नाही, त्याच्यावरच त्यांचा सगळा संसार उभा आहे.

आणि दुसरं, पीटर बस्टन नावाच्या शास्त्रज्ञानं २००३ मध्ये पर्क्युला जातीच्या क्लाउनवर दाखवून दिलं की एका अ‍ॅनिमोनमधले मासे आकारानं पायरीपायरीनं असतात, आणि खालचा मासा आपली वाढ मुद्दाम रोखून धरतो, वरच्याच्या बरोबरीला यायचंच नाही म्हणून. कारण बरोबरीला आला की वरचा त्याला हाकलणार, आणि समुद्रात अ‍ॅनिमोनच्या बाहेर हाकललेला क्लाउन म्हणजे कुणाच्या तरी पोटात गेलेला क्लाउन. आपल्या टाकीत खाणारा कोणी नाही, पण पळून जायलाही जागा नाही. अडीच फुटाच्या काचेत हाकललेला मासा जाणार कुठं, तो कोपऱ्यातच अडकणार आणि तिथंच मार खाणार.

कोल्हापुरात हे सांगायला सोपं आहे. खासबागेत कुस्ती लावायची तर जोड तोडीस तोड बघतात, वजन बरोबर, उंची बरोबर, तरच कुस्ती रंगते. बारक्या पोराला मोठ्या पैलवानासमोर कोण उभं करत नाही, कारण तिथं कुस्तीच होत नाही. टाकीत आपल्याला कुस्ती नकोच आहे. म्हणून इथं जोड बरोबरीची घ्यायचीच नाही, घेतली की ती लढणार. आणि आपण दुकानात जाऊन काय करतो, "दोन सेम साइज द्या, दोन्ही चांगले मोठे द्या." तिथंच चुकतंय.

ही चूक मी केलेली आहे. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात अडीच फुटी टाकी आहे, तीस बाय पंधरा बाय अठरा इंच, म्हणजे काठोकाठ भरली तर एकशे तीस लिटरच्या आसपास. त्यात ओसेलारिसची (दुकानात नेहमी मिळणारी निमोची जात) जोडी होती, दोन्ही पिल्लं असतानाच आणलेली, तीन वर्षं एकदाही पंख फाटला नाही. २०१९ च्या महापुरात आमच्याकडं लाइट गेली ती लवकर आलीच नाही, बॅटरीवरचा एअर पंप किती वेळ पुरणार, त्यात नर गेला. मादी वाचली, तीन इंचाची, एकटी. सहा महिने ती एकटी होती आणि रोज रात्री नर जिथं झोपायचा त्या दगडापाशी जाऊन थांबायची, मला ते बघवेना म्हणून मी जोडीदार आणायला गेलो.

पहिला आणला तो अडीच इंची, रंग असा की बघत राहावं. दुकानदार म्हणाला हा सहा-सात महिने आमच्याकडं एकटाच आहे, लय रुळलाय, सगळं खातो. मला ते कौतुकाचं वाटलं. आता कळतंय, एवढा मोठा आणि इतके महिने एकटा, वर दाबायला कोणी नाही, म्हणजे तो मादीच झालेला असणार किंवा त्या वाटेवर निम्मा गेलेला. दोन माद्या एका टाकीत कधीच जुळत नाहीत, वर्षभर ठेवल्या तरी नाही. दोघींतली एकही थरथरली नाही. पाचव्या दिवशी सकाळी तो वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाच्या, मागं मेलेला मिळाला.

दुसरा दोन इंची. हा तीन आठवडे बरा राहिला, थरथरायचा पण, मी निर्धास्त झालो आणि चार दिवस गावाला गेलो. आलो तेव्हा एका बाजूचा पंख जवळजवळ नव्हता. मग मी त्याला बाहेर काढलं, आठ दिवस बादलीत एअर स्टोन लावून ठेवलं, बरा झाला, परत सोडला. परत मार. परत काढला. परत सोडला. तिसऱ्या वेळी तो गेला. आणि ह्यातनं मला जे कळलं ते सगळ्यांना सांगतो, दर वेळी आपण बाहेर काढून परत सोडतो तेव्हा तिच्या दृष्टीनं तो नवीन मासा असतो, पायरी ठरवायचं काम पहिल्यापासनं सुरू होतं. "परत परत भांडण" हे निम्म्या वेळा आपल्याच काढण्या-घालण्यामुळं होतं. वेगळं करायचं तर टाकीतच करायचं, एकमेकांना दिसत राहतील असं.

तिसरा, एक इंचाचा. अगदी बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. त्याच्यासाठी मी जे केलं तेच आता सगळ्यांना सांगतो.

लक्ष्मीपुरीतनं नवीन प्लॅस्टिकची चाळण आणा, भाजी धुवायची असते ती, भोकं बारीक असलेली. घरातली वापरातली नको, साबण लागलेला असतो. रंग न जाणारी, कुठं धातूची तार किंवा हँडल नसलेली बघा, खाऱ्या पाण्यात गंज चढतो. साध्या पाण्यात रात्रभर भिजवून ठेवा, मग टाकीच्या काठाला क्लिपनं अशी अडकवा की निम्म्यापेक्षा जास्त पाण्यात राहील आणि काठ पाण्याच्या वर चार बोटं, वर जाळी टाका नाहीतर उडी मारतो. वेव्हमेकरचा झोत थेट तिच्यावर नको पण पाणी खेळतं राहायला पाहिजे. आत एक छोटा पीव्हीसी पाइपचा तुकडा टाका लपायला. दुकानात पारदर्शक अ‍ॅक्लिमेशन बॉक्स (नवीन मासा रुळवायचा डबा) मिळतो तो अजून चांगला, पण आज रात्री नऊ वाजता गरज पडली तर चाळणच कामाला येते.

पहिल्या दिवशी माझी मादी चाळणीला अक्षरशः डोकं आपटत होती, आणि टाकीजवळ कान नेला की टक् टक् टक् असा आवाज यायचा, सुपारी फोडल्यासारखा बारीक. आधी मला वाटलं मोटरमध्ये वाळू गेली. तो आवाज क्लाउन स्वतः काढतात, दातावर दात आपटून, २००७ मध्ये क्लार्की जातीवर अभ्यास करून शास्त्रज्ञांनी तो कसा निघतो हे सायन्स नियतकालिकात छापलेलं आहे. पिल्लू आत पीव्हीसीत घुसून बसलेलं. दुसऱ्या दिवशी पिल्लू बाहेर आलं, ती आली की आडवं होऊन थरथरायला लागलं. तिसऱ्या दिवशी मला वाटलं झालं, सोडलं, आणि दहा मिनिटांत तिनं त्याला कोपऱ्यात घेतलं. परत चाळणीत. घाई केली की असं होतं.

मग दहा दिवस सोडलंच नाही. आठव्या-नवव्या दिवसापासनं ती चाळणीला टकरा मारायची बंद झाली, नुसती बाजूला येऊन थांबायची, आणि रात्री लाइट बंद झाल्यावर आपला नेहमीचा दगड सोडून चाळणीच्या खाली येऊन झोपायला लागली. ही खूण मी दुसऱ्यांच्या टाकीतही बघितलीय, मादी चाळणीशेजारी झोपायला लागली की सोडायला हरकत नाही.

सोडायच्या आधी एक काम करा, दगडांची जागा बदला. सगळं उपसायचं नाही, दोन-तीन मोठे दगड इकडचे तिकडं, तिची जी हक्काची जागा आहे तिथलं तरी नक्की. म्हणजे तीही थोडी गोंधळते, घर कुणाचंच राहत नाही. प्रवाळ (कोरल) असतील तर त्यांना सावली पडणार नाही एवढं बघा. पोटभर खायला घाला दोघांनाही. मग लाइट बंद करा, खोलीतलाही बारीक दिवा सोडून सगळे, आणि अर्ध्या तासानं चाळण हळूच तिरपी करा, मासा आपणहून बाहेर येऊ दे, हातानं काढू नका. दुसऱ्या दिवशी लाइट दोन-तीन तास उशिरा लावा. आणि चाळण काढू नका, आठवडाभर तिथंच राहू दे, मार जास्त झाला तर परत घालायला.

मला ते सगळं मिळून बारा-तेरा दिवस लागले. काहींना पाच दिवसांत जमतं, काहींना महिना.

आता कुणाला चाळणीत घालायचं हा प्रश्न सगळे विचारतात, आणि इथं उत्तर एकच नाही. नवीन मासा आणलाय तर नव्याला चाळणीत, जुनी मोकळी. पण दोघंही आधीपासनं टाकीत आहेत आणि एक जण मार खातोय, तर मारणाऱ्याला चाळणीत घाला, मार खाणाऱ्याला नाही. आपल्याला दया येते म्हणून आपण जखमीला उचलतो, पण जखमी मोकळा राहिला तर तो टाकी फिरतो, खातो, त्याची त्याला जागा मिळते, आणि मारणारी आठ दिवसांनी बाहेर आली की टाकीवरचा तिचा हक्क थोडा सैल झालेला असतो. जखमी अगदीच गळाला असंल, पोहताच येत नसंल, तर मात्र त्यालाच सांभाळा.

आणि दोन्ही पिल्लं असतील, एक-सव्वा इंचाची, आकारात थोडा फरक, फाटाफाट नाही, नुसता पाठलाग चाललाय, तर कुणालाच घालू नका. ठरवू द्या त्यांना. ह्या वयात ठरलं की आयुष्यभर टिकतं. आयुष्यभर म्हणजे, नीट ठेवली तर ओसेलारिस दहा वर्षांच्या पुढंही आरामात जगतात, त्यामुळं सुरुवातीचे दोन महिने सोसायला काही वाटून घेऊ नका.

पाणी तपासा, पण भांडणाचं कारण पाण्यात शोधत बसू नका. अमोनिया-नायट्राइट शून्य, खारटपणा (घनतेच्या मापानं) १.०२५ च्या आसपास, तापमान २५ ते २७ अंश, एवढं असलं की झालं. मार खाल्लेल्या माशाला स्वच्छ पाणी लागतंच, जखम त्यावरच भरते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये टाकी तिशीच्या वर जाते आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात पळून पळून दमलेला मासा लवकर खचतो, तेव्हा पंखा लावा, पृष्ठभाग हलता ठेवा, आणि पंख्यानं उडालेलं पाणी साध्या आरओनं भरा, खाऱ्यानं नाही, नाहीतर मीठ वाढत जातं. रत्नागिरीहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणणारे आहेत, पावसाळ्यात आणि खाडीच्या तोंडाजवळचं आणू नका एवढंच सांगतो.

जखम आणि रोग ह्यातला फरक ओळखा. फाटलेला पंख, एखादा पांढरा ओरखडा, हे चाव्याचं. पण अंगावर साय आल्यासारखा चिकट पदर, तो पदर सुटतोय, श्वास जोरात, खाणं बंद, हे भांडणाचं नाही, हा क्लाउनमध्ये नेहमी येणारा ब्रुकलिनेला नावाचा परजीवी रोग असू शकतो, तो एक-दोन दिवसांत मासा नेतो. वेगळ्या टाकीत उपचार लागतो आणि लगेच लागतो. आणि काही झालं तरी मुख्य टाकीत तांब्याचं औषध ओतू नका, कोळंबी, अ‍ॅनिमोन, प्रवाळ सगळं जाईल.

आता लोक जे उपाय सांगतात त्याबद्दल. तिसरा क्लाउन सोडणं हा सगळ्यात वाईट. समुद्रात एका अ‍ॅनिमोनमध्ये पर्क्युलाची जोडी आणि वर चार-पर्यंत बारके असतात हे खरं, पण घरातल्या दोन-तीन फुटांच्या टाकीत जोडी जुळली की तिसऱ्याचं काय होतं ते मी बघितलंय. सुरुवातीला तिघं एकत्र फिरतात आणि माणूस फसतो, मग दोघांचं ठरतं आणि दोघं मिळून तिसऱ्याला मारतात. मित्राच्या टाकीत नेमकं हेच झालं होतं पहिल्या वेळी.

दुसरं, अ‍ॅनिमोन आणला की शांत होतील. नाही होत. उलट राखायला एक हक्काची जागा मिळते आणि मादी अजून कडक होते. अ‍ॅनिमोन आणायचाच असंल तर टाकी निदान सहा महिने जुनी, लाइट जोरदार, पाणी स्थिर, तेव्हा त्याच्यासाठी म्हणून आणा, भांडणावरचं औषध म्हणून नको. नाहीतर तो विरघळतो आणि सगळी टाकी घेऊन जातो.

तिसरं, दुसऱ्या जातीचा क्लाउन, म्हणजे "सेम नाही तर भांडणार नाहीत." टोमॅटो, क्लार्की, मरून, हे ओसेलारिसपेक्षा कितीतरी तापट आणि मोठे होतात, मरूनची मादी तर सहा इंचांपर्यंत जाते आणि तिचा स्वतःचा नरसुद्धा तिच्यापुढं चिमुरडा दिसतो. एका टाकीत एकच जात, एकच जोडी. ओसेलारिसला आपल्यासारखेच पट्टेवाले जास्त खटकतात असंही दिसतं, ओकिनावाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं की हे मासे समोरच्याच्या अंगावरचे पांढरे पट्टे बघतात आणि तीन पट्टेवाल्यावर सगळ्यात जास्त तुटून पडतात. म्हणून गोबी, ब्लेनी असले वेगळ्या अंगाचे मासे त्यांच्याबरोबर बरे राहतात.

वर्षानुवर्षं नीट असलेली जोडी अचानक भांडायला लागली तर? हे वेगळं प्रकरण. आधी टाकीत काय बदललं ते आठवा, दगड हलवले का, एखादा मासा काढला किंवा घातला का, लाइट गेल्यानं दोन दिवस सगळं विस्कटलं का, काचेला बाहेरनं काळा कागद लावल्यामुळं स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय का. नर वाढून मादीच्या बरोबरीला आला का तेही बघा, काचेवर पट्टी धरून मोजा, मी महिन्यातनं एकदा काचेबाहेरनं फोटो काढून ठेवतो. आणि सगळ्यात आनंदाचं कारण, अंडी. एखाद्या सपाट दगडाला किंवा कुंडीला दोघं तोंडानं घासून साफ करताना दिसली, मादीचं पोट भरलेलं दिसलं, तर ती तयारी आहे. त्या दिवसांत मादी नराला ढुश्या देते, हाताला चावते, शेजारच्या गोबीला जवळ फिरकू देत नाही. नारिंगी अंडी दिसली की नर त्यांना पंखानं वारा घालत बसतो, आठवडाभरात, पाणी गार असंल तर थोडं जास्त, रात्री अंधारात पिल्लं बाहेर येतात. ह्या काळात टाकीत हात घालणं टाळा, बाकी काही करायचं नाही.

आमच्या जोडीसाठी मी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतनं साधी बिनरंगाची मातीची कुंडी आणली, आठ दिवस पाणी बदलत भिजवली आणि आडवी ठेवली. तो एक इंचाचा आता दोन इंचांचा आहे, मादी सव्वातीन. कुंडीच्या आतल्या वरच्या बाजूला अंडी देते आणि मी काच पुसायला गेलो की येऊन बोटाच्या कातडीला धरते. तिचं ते धरणं मला लय आवडतं.

नवीन आणणार असाल तर दुकानात एवढं बघा. शक्यतो टाकीत जन्मलेले घ्या, आपल्या देशातच क्लाउनची पैदास होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र केव्हाच बसवलंय, समुद्रातनं पकडून आणलेल्यापेक्षा ते टिकाऊ. दोन्ही बारके, एक दुसऱ्यापेक्षा डोळ्यांना दिसेल इतका मोठा. एकाच हौदात एकत्र वाढलेले असतील तर उत्तम, कारण त्यांची थोडीफार पायरी आधीच लागलेली असते, पाच मिनिटं उभं राहून कोण कुणापुढं थरथरतोय ते बघा आणि तीच दोघं मागा. घरी एकटी मोठी असंल तर तिच्या निम्म्याहून लहान आणा. आणि दोन्ही एकाच वेळी सोडायचे, एक आज एक पुढच्या महिन्यात असं नाही. पहिला महिनाभर घर करून बसतो.

कधी कधी सगळं करूनही जमत नाही. दोनदा चाळण झाली, दगड हलवले, महिना दिला, तरी फाडतेच, तर तो मासा परत द्या किंवा ज्याच्याकडं एकट्यासाठी रिकामी टाकी आहे त्याला द्या. क्लाउन एकटा ठेवला तरी नीट जगतो. रोज मार खात जगण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मित्राला मी त्या रात्री फोनवरच दोघांची लांबी मोजायला लावली, काचेवर पोराची शाळेची पट्टी धरून. सव्वादोन आणि दोन. पाव इंचाचा फरक. बारका थरथरतो का विचारलं तर म्हणाला, "नाय, हा पण तिच्या अंगावर जातोय की." म्हणजे बरोबरीची जोड. रात्री अकराला त्यानं मोठीला चाळणीत घातलं, आज चौथा दिवस आहे, बारक्यानं काल पहिल्यांदा खाली येऊन मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) खाल्लं. दहाव्या दिवशी दगड हलवून सोडायचं ठरलंय. तरीही दोघं तोंड धरून भिडले, तर दोन इंची गंगावेशच्या एका ओळखीच्यांकडं जाईल, त्यांची टाकी रिकामी आहे, आणि मित्र एक इंचाचं पिल्लू आणंल, पट्टी घेऊनच जातो म्हणालाय दुकानात.